नवीन, जुनी आणि रिकामा रकाना: कुटुंब नियोजनाचे आकडे राष्ट्रीय प्रणालीत नेताना

३१ मार्च २०२५ ला आमच्या विभागाची जुनी एक्सेल फाइल मी शेवटची उघडली, तिला 'फक्त वाचनासाठी' असं कुलूप घातलं आणि बराच वेळ नुसती बसून राहिले. कुटुंब नियोजनाचे सगळे आकडे राष्ट्रीय आरोग्य माहिती प्रणालीत नेण्याचं काम सुरू झालं होतं ४ सप्टेंबर २०२३ ला. आदेशात मुदत होती सहा महिन्यांची, लागले एकोणीस.

लिहायला बसण्याचं कारण साधं आहे. सुरुवातीला मी मॅन्युअलं शोधली तेव्हा ती ढिगाने मिळाली. कुठलं बटण कुठे आहे हे सगळ्यांनी सांगितलं होतं. पाय कुठे घसरतो ते कुणीच सांगितलं नव्हतं. तुमच्या टेबलावर असाच आदेश येऊन पडला असेल तर निदान माझे घसरलेले पाय तुमच्या उपयोगी पडोत.

तेव्हाची स्थिती अशी होती. राष्ट्रीय आरोग्य माहिती प्रणाली डीएचआयएस-२ वर चालायची. ऑस्लो विद्यापीठाच्या गटाने उभं केलेलं हे मुक्त सॉफ्टवेअर सत्तरहून अधिक देशांत वापरलं जातं, परवान्याचे पैसे लागत नाहीत. दर महिन्याला प्रत्येक केंद्राचा अहवाल तिथे चढायचा: लसीकरण, बाळंतपणं, मलेरिया. त्यात कुटुंब नियोजनाच्या वाट्याला चार ओळी. आमचा तपशीलवार अहवाल वेगळा, ईमेलने येणाऱ्या एक्सेलमधून. गोळ्या, इंजेक्शनं, तांबी यांचा साठा तिसऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये, भांडाराकडे. एका आढावा बैठकीत वरिष्ठांनी विचारलं, गेल्या तिमाहीत इंजेक्शनं किती दिली? तिघांनी तीन आकडे सांगितले. तिघांच्याही हातात कागद होता. त्याच आठवड्यात आदेश निघाला.

मला वाटलं होतं की हे काम संगणकाचं आहे. पहिले दोन महिने तर संगणक उघडायचीही गरज पडली नाही.

सप्टेंबरभर मी फॉर्म गोळा केले. रजिस्टर, टॅली शीट (खुणा करून मोजणी करायचा कागद), मासिक अहवाल, साठ्याचा अहवाल, शिबिराचा अहवाल, निधी देणाऱ्या संस्थांसाठी भरले जाणारे वेगळे तक्ते. एकूण अकरा निघाले. एक सांगते: कोरे फॉर्म मागवू नका, भरलेले मागवा. कोऱ्या फॉर्मवर सगळे रकाने सारखेच शहाणे दिसतात. भरलेल्या फॉर्मवर कळतं की सातवा रकाना कुणीच भरत नाही, आणि समासात पेन्सिलने एक आठवा रकाना नर्सनी स्वतःच आखून घेतलाय. तो आठवा रकाना बहुतेक वेळा कामाचा असतो. आमच्याकडे तो होता 'इम्प्लांट काढले' (इम्प्लांट म्हणजे दंडात त्वचेखाली बसवायची गर्भनिरोधक कांडी). बसवलेल्यांची नोंद सगळीकडे होती, काढलेल्यांची कुठेच मागितली नव्हती. म्हणजे कागदावर बायका फक्त इम्प्लांट बसवून घेत होत्या, काढून घ्यायला कुणी येतच नव्हतं!

मग ऑक्टोबरात व्याख्यांची बैठक. मी एक दिवस धरला होता. पाच बैठका झाल्या, सात आठवड्यांत. अडकलो एका शब्दावर: 'नवीन'.

नवीन लाभार्थी म्हणजे कोण? कार्यक्रमाच्या लोकांच्या मते, आयुष्यात पहिल्यांदाच आधुनिक साधन वापरणारी. केंद्रातल्या नर्सच्या मते, आमच्या केंद्रात पहिल्यांदा आलेली. भांडाराच्या मते, हे साधन पहिल्यांदा घेणारी, कारण त्यावर त्यांची मागणी ठरते. हे तीन अर्थ होतेच. चौथा एका ज्येष्ठ सिस्टरांनी सांगितला, अगदी सहज: "जानेवारीत रजिस्टर नवीन येतं ना, मग सगळ्यांचीच नोंद पुन्हा नवीन."

खोलीत शांतता. दरवर्षी जानेवारीत आमच्या आलेखाला एक टोक यायचं. डिसेंबरातल्या जनजागृती मोहिमेचं यश म्हणून ते टोक कितीतरी सादरीकरणांत दाखवलं गेलं होतं. त्यातली दोन मी स्वतः केली होती.

शेवटी ठरलं ते असं. 'नवीन' म्हणजे आयुष्यात पहिल्यांदा आधुनिक साधन घेणारी, मग केंद्र कुठलंही असो. आधी एक साधन होतं आणि आता दुसरं घेतलं तर 'बदल'. बाकी सगळ्या 'पुन्हा आलेल्या'. आणि चौथी ओळ मी हट्टाने ठळक अक्षरांत घालून घेतली: 'पुन्हा आलेल्या' या भेटी आहेत, व्यक्ती नाहीत. तीन महिन्यांचं इंजेक्शन घेणारी बाई वर्षात चारदा येते. बारा महिन्यांचे आकडे बेरजेला घातले की एका बाईच्या चार बायका होतात. ही चूक इतकी साधी आहे की ती कुणी करत असेल असं वाटत नाही. आम्ही वर्षानुवर्षं करत होतो.

व्याख्या ठरल्या की त्यावर सह्या घ्या. इतिवृत्तावर नव्हे, व्याख्यांच्या पानावरच. पुढे आठ महिन्यांनी कुणीतरी "हे कधी ठरलं?" असं विचारतंच.

केंद्रांच्या यादीवर फार लिहीत नाही, ते काम नुसतं चिकाटीचं आहे. तिन्ही ठिकाणच्या याद्यांत एकाच केंद्राची नावं वेगळी, स्पेलिंग वेगळं, दोन केंद्रं बंद पडलेली पण साठा घेणारी. नावांवरून जुळवाजुळव करू नका. प्रत्येक केंद्राचा एकच कायमचा कोड ठरवा, तो तिन्ही प्रणालींत घाला आणि यादी बदलण्याचा अधिकार एकाच व्यक्तीकडे ठेवा. आम्हाला नोव्हेंबर आणि डिसेंबर लागले. उरलेल्या शंकास्पद नोंदी फोन करून सोडवल्या.

याच काळात भांडाराच्या परवानगीचं पत्र अडकलं. साठ्याची माहिती दर महिन्याला राष्ट्रीय प्रणालीत यावी, एवढीच मागणी. पत्र ६ नोव्हेंबरला गेलं, उत्तर आलं १९ जानेवारीला. चौऱ्याहत्तर दिवस. मी तीन स्मरणपत्रं लिहिली, प्रत्येक आधीच्यापेक्षा अधिक कडक, आणि प्रत्येकाने काम अधिकच थंड पडलं. मग एका सहकाऱ्याने सुचवलं, म्हणून समोर जाऊन बसले. अडचण तांत्रिक नव्हतीच. कुठल्या केंद्रात काय संपलंय हे सगळ्यांना दिसू लागलं की बोट आपल्याकडे येईल, ही भीती होती. भीती खोटीही नव्हती. पत्र नव्याने लिहिलं: नेमक्या नऊ वस्तूंची यादी, माहितीची मालकी भांडाराचीच, पहिले सहा महिने साठ्याचे तक्ते फक्त त्यांना आणि आम्हाला दिसतील. चार दिवसांत सही झाली. आज असं पत्र लिहायचं असतं तर पहिल्याच मसुद्यात 'तुमचं काय जाणार नाही' हे लिहिलं असतं आणि 'आम्हाला काय हवंय' ते खाली.

फेब्रुवारी २०२४. अखेर संगणक.

डीएचआयएस-२ मध्ये फॉर्म उभा करणं तसं अवघड नाही. प्रत्येक साधन एक डेटा एलिमेंट, म्हणजे मोजायची एक बाब, आणि त्याचे तुकडे पाडायला कॅटेगरी: वयोगट आणि भेटीचा प्रकार. मोह इथेच होतो. प्रत्येकाला आपला तुकडा हवा असतो. वयाचे सहा गट करा, शिक्षण घाला, किती मुलं ते घाला. मी हिशोब मांडून दाखवला: नऊ साधनं, सहा वयोगट, तीन प्रकार म्हणजे १६२ चौकोन, दर महिन्याला, एका नर्सने, दवाखाना संपल्यावर. आम्ही वयाचे चारच गट ठेवले, तरी १०८ झाले. मला अजूनही ते जास्तच वाटतात. हे आधी ठरवून घ्याच, कारण आकडे भरायला सुरुवात झाल्यावर कॅटेगरीची जुळणी बदलली तर जुने आकडे जुन्या जुळणीलाच चिकटून राहतात आणि नव्या फॉर्मवर दिसेनासे होतात. चाचणीच्या सर्व्हरवर माझ्याकडून हे झालं. चाचणीचा होता म्हणून वाचले.

दोन चुका मात्र खऱ्या सर्व्हरवर झाल्या.

पहिली साठ्याची. महिनाअखेरचा शिल्लक साठा हा बेरजेचा आकडा नाही. जानेवारीत ४० तांबी शिल्लक, फेब्रुवारीत ४०, मार्चमध्ये ४०, तर तिमाहीत १२० नसतात, त्याच त्या ४० असतात. पण एकत्रीकरणाचा प्रकार 'बेरीज' ठेवला तर तक्ता बिनधास्त १२० दाखवतो. वेळेसाठी 'शेवटचं मूल्य' आणि केंद्रांसाठी बेरीज, असा पर्याय त्यात आहे. तो निवडायचा.

दुसरी शून्याची, आणि हिने मला जास्त छळलं. डीएचआयएस-२ मध्ये प्रत्येक डेटा एलिमेंटला 'शून्य साठवा' अशी एक खूण असते. ती केली नाही तर नर्सने टाइप केलेला शून्य साठवलाच जात नाही. मग 'एकही बाई आली नाही' आणि 'अहवालच भरला नाही' हे दोन्ही सारखेच रिकामे दिसतात. मी ती खूण केली नव्हती. एप्रिलमध्ये मी अर्धवट अहवालांबद्दल केंद्रांना फोन लावत सुटले. एका सिस्टरांनी थंडपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मॅडम, मी शून्य टाकलेत. दर महिन्याला टाकते. तुमचं मशीन खातंय." मी माफी मागितली. त्या दिवशी आणखी सहा फोन केले, सगळे माफीचेच.

चाचणी आम्ही बारा केंद्रांवर घेतली, मे ते जुलै. प्रत्येक ठिकाणी मी निदान एक दिवस रजिस्टरच्या शेजारी बसले. हे कुणी सांगितलं नव्हतं आणि प्रवासभत्त्याचा अर्ज दोनदा परत आला, पण या बारा दिवसांत जे कळलं ते बैठकांत कधीच कळलं नसतं.

बाळंतपणानंतर ४८ तासांच्या आत तांबी बसवली तर ती नोंद प्रसूती कक्षाच्या रजिस्टरात होते. काही ठिकाणी तीच बाई सहा आठवड्यांनी तपासणीला आली की कुटुंब नियोजनाच्या रजिस्टरात पुन्हा 'नवीन' म्हणून चढते. काही ठिकाणी ती दुसऱ्या रजिस्टरात कधी जातच नाही. एकीकडे दोनदा, दुसरीकडे शून्यदा, आणि एकूण बेरीज दिसायला ठीकठाक! आम्ही नियम केला: साधन जिथे दिलं तिथेच मोजायचं, तपासणीची भेट नवीन नाही, आणि मासिक फॉर्मवर प्रसूतीनंतरच्या साधनांसाठी वेगळी ओळ.

त्वचेखाली घ्यायच्या इंजेक्शनचा प्रश्न आणखी वेगळा. ते बाईला स्वतः घेता येतं, म्हणून काही केंद्रं एकदम तीन घरी देतात. मग भेट एक, इंजेक्शनं तीन. भेटी मोजल्या तर वापर कमी दिसतो, इंजेक्शनं मोजली तर साठ्याशी जुळतं पण भेटींशी नाही. आम्ही दोन्ही मोजतो. फॉर्मवर दोन चौकोन वाढले, माझाच १०८ चा हिशोब मला ऐकवण्यात आला.

गोपनीयतेबद्दल सुरुवातीला सगळे निवांत होते, कारण नावं नाहीत, नुसते आकडे. पण एका छोट्या केंद्राचा अहवाल उघडला: वयोगट १० ते १४, इम्प्लांट, एक. त्या गावात ती मुलगी कोण हे शोधायला किती वेळ लागेल? तेव्हापासून वयाचा तपशील केंद्राच्या पातळीवर फक्त त्या केंद्राला आणि जिल्ह्याच्या एका व्यक्तीला दिसतो. वरच्यांना बेरीज दिसते. तुम्ही हे आधीच करा.

ऑगस्ट ते ऑक्टोबर जुनी माहिती आत घेतली. किती वर्षांची घ्यावी यावर वाद झाला. कुणाला दहा हवी होती. आम्ही तीन घेतली, कारण त्याआधीचा 'नवीन' शब्द कशाचा नवीन हे कुणालाच सांगता येईना. आयात करताना आधी 'ड्राय रन' करा, म्हणजे काही न साठवता चुकांची यादी मिळते. माझ्या पहिल्या फेरीची यादी इतकी लांब होती की मी ती बंद करून घरी गेले.

एक गंमत सांगते. कंडोमचे काही आकडे विचित्र खाली-वर होत होते. एका महिन्यात ५, पुढच्या महिन्यात ७२०. मी त्यांना गुणाकाराने छळून पाहिलं आणि ७२० ला १४४ ने भागल्यावर दिवा पेटला. मोठी खरेदी होते ती १४४ च्या पेट्यांत. कुणी पेट्या लिहीत होतं, कुणी नग. आता फॉर्मवर 'नग' हा शब्द चौकोनाच्या आत छापलेला आहे. गोळ्यांच्या ओळीतही 'पाकीट' असं लिहिलंय, नाहीतर एखादा उत्साही माणूस गोळ्या मोजतो.

मग वरून तो प्रश्न आला ज्याची मला धास्ती होती: आता सगळं एकत्र आहे, तर किती टक्के महिला साधन वापरतात ते सांगा.

सांगता येत नाही, निदान थेट नाही. सरकारी केंद्रात आलेल्यांचा हिशोब आपल्याकडे आहे. औषधांच्या दुकानातून गोळ्या घेणारी, खासगी डॉक्टरकडे जाणारी आपल्या रजिस्टरात नाही. पाच वर्षांपूर्वी दुसरीकडे तांबी बसवून आज निवांत असलेली बाई तर कुठल्याच महिन्याच्या अहवालात येणार नाही, आणि ती वापरकर्ती आहेच. यासाठी लोक दोन वाटा धरतात. एक, दिलेल्या साधनांवरून किती जोडप्यांना किती वर्षं संरक्षण मिळालं ते काढायचं. २०११ मध्ये ठरलेल्या गुणकांप्रमाणे गोळ्यांची १५ पाकिटं, १२० कंडोम किंवा तीन महिन्यांची ४ इंजेक्शनं म्हणजे एक जोडपे-वर्ष, आणि एक कॉपर-टी ३८० ए (तांबीचा एक प्रकार) म्हणजे ४.६ वर्षं. दुसरी वाट ट्रॅक-२० या कुटुंब नियोजनाची प्रगती मोजणाऱ्या प्रकल्पाच्या हिशोबाच्या पद्धतीची: त्यात जुन्या वर्षांत बसवलेली दीर्घकाळाची साधनं धरतात, खासगी क्षेत्राचा वाटा सर्वेक्षणावरून मिळवतात आणि मग सेवेचे आकडे व सर्वेक्षणं एकत्र करून अंदाज बांधतात. मी दोन्ही करून दिलं, सोबत एक पान मर्यादांचं. ते पान कुणी वाचलं असेल असं वाटत नाही, तरी दरवेळी जोडते.

यात एक नवी काळजी आली. आमचा आधार होता दर चार-पाच वर्षांनी होणारं घरोघरचं सर्वेक्षण. २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेची परदेशी मदत थांबली आणि कितीतरी देशांत अशी सर्वेक्षणं करणारा, त्याच मदतीवर चालणारा डीएचएस (लोकसंख्या व आरोग्य सर्वेक्षण) कार्यक्रमही थांबवला गेला. केंद्रांच्या मासिक अहवालावर यापुढे किती भार पडणार याचा विचार करून मी ती खासगी क्षेत्राची टक्केवारी पुन्हा पुन्हा तपासत बसले. ती जुनी होत जाणार आहे.

खर्चाचं विचारतात म्हणून: सॉफ्टवेअरवर जवळपास काही गेलं नाही. पैसा गेला रजिस्टरांच्या छपाईत आणि प्रशिक्षणात. छपाईला अकरा आठवडे लागले आणि पहिल्या गठ्ठ्यात 'बदल' हा रकानाच छापायचा राहिला होता. प्रशिक्षणाचा पहिला नमुना दोन दिवसांचा होता, अर्धा वेळ लॉगिनमध्ये गेला. नंतर तो एका दिवसाचा केला: सकाळी फक्त कागद, वीस खोट्या बायकांच्या गोष्टी, आणि प्रत्येकीची नोंद कुठल्या चौकोनात जाईल यावर भांडण. दुपारी संगणक. नर्सना संगणक कधीच अवघड गेला नाही.

नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत जुना आणि नवा अहवाल समांतर चालवला. केंद्रांवर हा दुहेरी जाच होता आणि त्यांनी तो बोलून दाखवला. तीन महिने पुरले असते. पाच झाले, कारण जुनी फाइल बंद करण्याच्या आदेशावर सही करायला कुणी धजेना.

एप्रिलमध्ये एका केंद्राची इम्प्लांटची ओळ पूर्ण रिकामी आली. मी फोन केला, या वेळी सावधपणे. सिस्टर म्हणाल्या, "साठाच आला नाही दोन महिने. शून्य लिहू की रिकामं सोडू, तुम्हीच सांगा." मी म्हटलं, शून्य लिहा, साठ्याच्या ओळीतही शून्य लिहा, म्हणजे कारण दिसेल. "बरं. आणि सात जणी विचारून परत गेल्या, त्या कुठे लिहू?"

असा चौकोन आमच्याकडे नाही. सध्या त्या समासात पेन्सिलने लिहितात.